पेटीपर्यंत जे आलेच नाहीत: वाचनालयाच्या एका पाहणीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका सार्वजनिक वाचनालयाचे आहे. ओळख पटू नये म्हणून नाव-गाव गाळले आहे. चालू सभासद २,४१२, वाचनालय उघडे राहण्याची वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ६. देवघेवीच्या टेबलाशी दोघे कर्मचारी, वर एक ग्रंथपाल आणि एक हौशी कार्यकारिणी. वार्षिक सभेत काही सभासदांनी मागणी केली की वाचनालय संध्याकाळी उशिरापर्यंत उघडे असावे. त्यावर बरीच बोलाचाली झाली आणि कार्यवाहांनी नेहमीचा तोडगा काढला: आपण पाहणी करू.

ग्रंथपालांनी एक पानी अर्ज तयार केला. अर्जांचा गठ्ठा देवघेवीच्या टेबलावर ठेवला, शेजारी पेटी ठेवली आणि दोन आठवड्यांत ३१८ अर्ज जमले. त्यातल्या २६२ जणांना, म्हणजे ८२ टक्क्यांना, सध्याची वेळ पसंत होती. कार्यकारिणीच्या बैठकीसमोर ‘बहुसंख्य सभासद समाधानी असल्याने बदलाची आवश्यकता नाही’ असा ठराव तयार होता.

मी संख्याशास्त्र शिकवतो आणि या वाचनालयाचा जुना सभासद आहे. बैठकीच्या चार दिवस आधी कार्यवाहांनी अर्जांचा गठ्ठा माझ्याकडे पाठवला. सोबत चिठ्ठी होती: ‘सर, टक्केवारी बरोबर काढली आहे ना, तेवढे बघा.’ टक्केवारी बरोबर होती.

अडचण

अर्ज टेबलावर होता आणि टेबल दहा ते सहा उघडे होते. ज्याला दहा ते सहा येता येते त्याच्याच हाती अर्ज पडणार. ज्याची तक्रारच मुळी ‘या वेळेत येता येत नाही’ अशी आहे, तो पेटीपर्यंत पोहोचणार कसा? ज्यांना वेळ जमते त्यांना ‘वेळ जमते का’ असे विचारले होते. मला तर ८२ हा आकडा कमीच वाटला. दारातून आत येऊ शकलेल्यांतही १८ टक्के नाराज असतील, तर बाहेर काय असेल?

हे मी फोनवर सांगितल्यावर कार्यवाह म्हणाले, “पण ३१८ म्हणजे काही थोडे नाहीत, सर.” हा आक्षेप इतका सर्रास ऐकू येतो की त्याचे उत्तर तयार ठेवावे लागते. १९३६ साली अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. २३ लाखांहून जास्त परत आल्या. त्यांवरून साप्ताहिकाने आल्फ्रेड लँडन जिंकणार असे छापले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांना जवळजवळ ६१ टक्के मते पडली आणि ४८ पैकी ४६ राज्ये मिळाली. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या याद्यांतून आणि मोटारींच्या नोंदींतून, म्हणजे मंदीच्या काळातही ज्यांचे बरे चालले होते अशांचे. शिवाय ज्यांनी पत्रिका परत पाठवण्याची तसदी घेतली, ते न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळ्या मताचे होते. जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने अगदी लहान नमुन्यावर निकाल बरोबर सांगितला. नमुना एकीकडे कललेला असेल तर तो वाढवून कल जात नाही, उलट चुकीच्या आकड्यावरचा विश्वास तेवढा वाढतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरे झाले असते, पण मी अर्जही वाचला.

पहिला प्रश्न असा: ‘वाचनालयाची सध्याची सोयीस्कर वेळ आपल्याला कशी वाटते?’ पुढे चार पर्याय: उत्तम, चांगली, समाधानकारक, असमाधानकारक. ‘सोयीस्कर’ हे विशेषण प्रश्नातच बसवले आहे. वेळ सोयीस्कर आहे हे आधीच ठरले, सभासदाने फक्त किती ते सांगायचे. पर्यायही तीन गोड आणि एक कडू. डोळे मिटून खूण केली तरी चारात तीनदा ती समाधानाच्या बाजूला पडेल. २६२ पैकी १०९ जणांनी ‘समाधानकारक’वर खूण केली होती. हा शब्द प्रगतिपुस्तकात ‘काठावर पास’ या अर्थाने लिहितात, पण बेरजेत तो ‘उत्तम’च्या पंगतीला बसला.

दुसरा प्रश्न: ‘वेळ आणि पुस्तकांची उपलब्धता पुरेशी आहे का?’ वेळ पुरेशी पण पुस्तके नाहीत, असे ज्याला वाटते त्याने काय लिहायचे?

तिसरा प्रश्न मात्र पुन्हा पुन्हा वाचावा असा होता: ‘कर्मचाऱ्यांची अपुरी संख्या लक्षात घेता वेळ बदलणे योग्य ठरणार नाही, असे आपल्याला वाटत नाही का?’ हो की नाही. आता याला ‘हो’ म्हणजे काय? ‘हो, योग्य ठरणार नाही’ की ‘हो, मला तसे वाटत नाही’? समोरासमोर बोलताना हेल आणि चेहरा अर्थ सांभाळून नेतात, कागदावर ती सोय नसते. ४१ जणांनी तो रकाना कोरा सोडला होता. एकाने दोन्हीवर खूण करून पुढे मोठे प्रश्नचिन्ह काढले होते. सबंध गठ्ठ्यात मला सगळ्यात प्रामाणिक वाटलेले उत्तर तेच.

दुहेरी नकाराने काय होऊ शकते याचा एक गाजलेला दाखला आहे. १९९२ साली अमेरिकेतल्या एका पाहणीत ज्यूंच्या संहाराबद्दल विचारताना ‘असे कधी घडलेच नाही हे शक्य वाटते की अशक्य वाटते’ अशी गुंतागुंतीची रचना होती. २२ टक्के लोकांनी ‘शक्य’ म्हटले आणि खळबळ उडाली. १९९४ मध्ये सरळ भाषेत पुन्हा विचारले तेव्हा तो आकडा १ टक्क्यावर आला. दोन वर्षांत लोकांचे मत एवढे फिरले नव्हते, प्रश्नाचे वाक्य फिरले होते.

आणि अर्जाच्या डोक्यावर नाव व सभासद क्रमांक सक्तीचे होते. भरलेला अर्ज, ज्यांची पाळी बदलणार त्याच कर्मचाऱ्यांच्या नजरेसमोर पेटीत टाकायचा. ग्रंथपालांच्या मनात काही वाईट होते असे मी म्हणणार नाही. त्यांना दुबार अर्ज टाळायचे होते, कारण रास्त होते. परिणाम तेवढा वेगळा झाला.

पर्याय

बैठकीत ठराव मागे ठेवला गेला, आणि ‘मग आता करायचे काय’ यावर दीड तास गेला. 

एक सदस्य हिशोबात पक्के होते. त्यांनी सुचवले की आहे त्याच अर्जांना भार द्यावा: नोकरदार कमी आले असतील तर त्यांच्या प्रत्येक उत्तराचे वजन वाढवावे. ही पद्धत खरी आहे आणि मोठ्या पाहण्यांत रोज वापरली जाते. पण ती कधी चालते? गटातले थोडे तरी लोक नमुन्यात असतील आणि आलेले थोडे न आलेल्यांसारखेच असतील, तेव्हा. दहा ते सहा येऊ शकणारा नोकरदार हा न येऊ शकणाऱ्या नोकरदाराचा प्रतिनिधी कसा होणार? आणि जे शून्य आहेत त्यांना कितीने गुणले तरी शून्यच.

दुसरी सूचना सगळ्या २,४१२ सभासदांना मोबाईलवर प्रश्न पाठवण्याची. सगळ्यांना विचारले की नमुन्याचा प्रश्नच उरत नाही, असा यामागचा समज. पण सगळ्यांना पाठवणे वेगळे आणि सगळ्यांकडून येणे वेगळे. उत्तर देतात ते ज्यांना विषयाची चीड आहे किंवा ज्यांच्या हाताशी वेळ आहे. पुन्हा लिटररी डायजेस्टच.

तिसरी, माझी: सभासदांच्या नोंदवहीतून चिठ्ठ्या टाकून निवडावेत तसे थोडेच लोक निवडायचे, पण निवडलेल्याला सोडायचे नाही. फोन लागला नाही तर पुन्हा, वेगळ्या वेळी, तरी नाही तर घरी निरोप.

चौथी सूचना एका तरुण सदस्याची: पाहणी नकोच, महिनाभर उशिरापर्यंत उघडे ठेवून बघा कोण येते. तेव्हा मी ती घाईची म्हणून बाजूला सारली. आज मागे वळून पाहताना वाटते की ती माझ्या सूचनेइतकीच विचार करण्याजोगी होती आणि मी माझ्या धंद्याच्या सवयीने बोललो.

तिसरी मंजूर झाली.

केलेली कृती

नोंदवहीतला दर दहावा सभासद घ्यायचा ठरले. सुरुवात कुठून, हे १ ते १० मधली चिठ्ठी उचलून ठरवले. ७ आली. म्हणून क्रमांक ७, १७, २७ असे २,४०७ पर्यंत २४१ जण. दर दहावा घेताना यादीत दहा-दहाचा काही ठेका नाही ना, हे आधी पाहावे लागते. इथे उलट फायदाच होता: एका घरातले सभासद एकाच दिवशी नाव घालतात, त्यांचे क्रमांक लागोपाठ असतात, त्यामुळे एका घरातून दोघे येण्याची शक्यता जवळपास मिटली.

प्रश्न नव्याने लिहिले. मुख्य प्रश्न: ‘वाचनालय सकाळी १० ते संध्याकाळी ६ उघडे असते. ही वेळ तुम्हाला सोयीची आहे की गैरसोयीची?’ दोन्ही बाजू प्रश्नातच उच्चारायच्या, आणि निम्म्या लोकांना ‘गैरसोयीची की सोयीची’ असे उलटे विचारायचे. हे सोपस्कार वाटतील, पण ‘मनाई करावी का’ आणि ‘परवानगी द्यावी का’ यांतही फरक पडतो. डोनाल्ड रग यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकशाहीविरोधी भाषणांना ‘परवानगी द्यावी का’ याला ६२ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले होते, तर ‘मनाई करावी का’ याला ‘हो’ म्हणणारे ४६ टक्केच निघाले. तर्काने दोन्ही प्रश्न एकच आहेत.

प्रश्न आधी सहा जणांवर करून पाहिले. एक प्रश्न होता, ‘तुम्ही महिन्यातून किती वेळा वाचनालयात येता?’ एका बाईंनी ‘चार वेळा’ सांगितले. अजून दोन गोष्टी विचारल्या तेव्हा कळले की त्या स्वतः दोन वर्षांत आलेल्याच नाहीत, त्यांच्या खात्यावर मुलगा पुस्तके बदलून नेतो. ‘तुम्ही’ म्हणजे ‘तुमच्याकडचे कोणीतरी’ असे त्यांनी घेतले, आणि त्यात त्यांचे काही चुकले नव्हते. प्रश्न बदलला: ‘गेल्या ३० दिवसांत तुम्ही स्वतः किती वेळा आलात? तुमच्यासाठी दुसरे कोणी किती वेळा आले?’

फोन करायला दोघे तयार झाले: देवघेवीच्या टेबलावरचे एक कर्मचारी (त्यांना ‘अ’ म्हणू) आणि कार्यकारिणीतल्या एक सदस्या (‘ब’). यादी दोघांत एकाआड एक वाटली, १२० आणि १२१. ही वाटणी मी मुद्दाम केली. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी वापरात आणलेली ही जुनी युक्ती आहे: एकाच नमुन्याचे दोन सारखे भाग करून वेगवेगळ्या माणसांच्या हाती द्यायचे. दोन्ही भाग यदृच्छेने पडलेले असल्यामुळे उत्तरेही जवळपास सारखीच यायला हवीत. नाही आली, तर खोट सभासदांत नाही, विचारण्यात आहे.

आठवड्याने आकडे हाती आले. ‘अ’ यांना ७१ जण भेटले, त्यांतल्या ५१ जणांना वेळ सोयीची होती, म्हणजे ७२ टक्के. ‘ब’ यांना ६८ भेटले, त्यांतले ३३, म्हणजे ४९ टक्के. २३ टक्क्यांचा फरक. या संख्यांना ८ टक्क्यांच्या आसपास प्रमाणत्रुटी येते (निव्वळ योगायोगाने असा फरक साधारण किती पडू शकतो, त्याचे माप), फरक तिच्या जवळजवळ तिप्पट. योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नव्हता.

कारण शोधायला फार खोल जावे लागले नाही. ‘अ’ फोन करत होते वाचनालयातून, कामाच्या वेळेत, दुपारी. ‘ब’ करत होत्या घरून, रात्री आठनंतर. दुपारी निवांत फोन उचलणारा माणूस आणि दुपारी वाचनालयात येऊ शकणारा माणूस बऱ्याचदा एकच असतो. टेबलावरच्या अर्जात जी चूक मी दाखवली होती, तीच चूक माझ्या पाहणीत टेलिफोनच्या तारेने शिरली होती. फोन कधी करायचे हे मी सांगितलेच नव्हते. ही चूक सर्वस्वी माझी.

त्यात दुसरी गाठ: ‘अ’ यांचा आवाज सभासद ओळखतात. जो माणूस रोज हसून पुस्तक हातात देतो, ‘तुमची वेळ गैरसोयीची आहे’ असे त्याला तोंडावर कोण सांगणार? दोन कारणे एकमेकांत अडकली होती.

निर्णयाचा क्षण

इथे तीन वाटा होत्या. ‘अ’ यांची ७१ उत्तरे टाकून द्यावीत, तशीच ठेवावीत, किंवा पुन्हा विचारावे. टाकून देणे स्वच्छ दिसते, पण ते ७१ जणही सभासदच आहेत. दुपारी मोकळे असणारे वगळले तर नमुना उलट्या बाजूला कलेल. कार्यवाह वैतागले होते. “आता जे आहे त्याची सरासरी काढा आणि संपवा” असे त्यांनी ऐकवले. त्यांचा वैताग मला समजत होता, कारण दिरंगाईचे खापर त्यांच्यावर फुटत होते.

आम्ही असे केले. ७१ पैकी २५ जण चिठ्ठ्या टाकून निवडले आणि वाचनालयाशी संबंध नसलेल्या तिसऱ्या व्यक्तीने त्यांना संध्याकाळी पुन्हा तोच प्रश्न विचारला. चौघांनी उत्तर बदलले. चारही जण ‘सोयीची’वरून ‘गैरसोयीची’वर गेले, उलट्या दिशेने कोणी गेले नाही. म्हणजे भीड होती, पण सगळा फरक तिने भरून निघत नव्हता. उरलेला बहुधा फोनच्या वेळेचा. चौघांची नवी उत्तरे धरली. बाकीच्या ४६ जणांनाही पुन्हा विचारायला हवे होते, ते राहिले. तेव्हा दमछाक झाली होती एवढेच त्याचे खरे कारण.

न भेटलेले १०२ जण मग ‘ब’ आणि तिसऱ्या व्यक्तीने वाटून घेतले. फोन फक्त संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी, प्रत्येकाला किमान पाच वेळा. त्यातून ६४ मिळाले. या उशिरा सापडलेल्यांत वेळ सोयीची म्हणणारे होते २६, म्हणजे ४१ टक्के. जितका माणूस सापडायला कठीण, तितका तो वेळेवर नाराज.

शेवटचा हिशोब: २४१ पैकी २०३ जणांची उत्तरे, त्यांतल्या १०६ जणांना वेळ सोयीची, म्हणजे ५२ टक्के, मागेपुढे ७. न सापडलेल्या ३८ जणांचे काय? त्यांच्याबद्दल अंदाज बांधण्यापेक्षा दोन्ही टोके पाहिली. ते सगळे खूश धरले तर आकडा ६० टक्क्यांवर जातो, सगळे नाराज धरले तर ४४ वर येतो. कुठूनही मोजा, ८२ त्या पट्ट्यात बसत नाही.

नोंदवहीच्या बाहेरचे

काम संपले असे वाटत असताना ग्रंथपालांनीच एक प्रश्न विचारला, आणि तो मला सुचायला हवा होता. “नोंदवहीत फक्त चालू सभासद आहेत. वेळ जमत नाही म्हणून ज्यांनी वर्गणी भरणेच सोडले, ते यात कुठे आहेत?”

कुठेच नव्हते. ज्या यादीतून नमुना काढतो तीच अपुरी असेल, तर कितीही काटेकोर चिठ्ठ्या टाका, गाळलेला माणूस वर येत नाही. मग गेल्या दोन वर्षांत सभासदत्व संपलेल्यांच्या कार्डांतून ३० नावे काढली. १७ जण बोलले. ‘सभासदत्व पुढे का चालू ठेवले नाही’ एवढेच विचारले, वेळेचा उल्लेख आपणहून करायचा नाही असे ठरवले होते. ९ जणांनी वेळेचे कारण सांगितले. सतरावर टक्केवारी काढू नये, म्हणून अहवालात ‘१७ पैकी ९’ असेच लिहिले.

निष्पत्ती

अहवाल वाचून अध्यक्ष म्हणाले, “पण ५२ टक्के म्हणजे बहुमत झालेच की!” मुद्दा बिनतोड होता आणि आकडेशास्त्रात त्याचे उत्तर नाही. पाहणी ही निवडणूक नव्हे. दहा ते सहा ज्यांना जमते त्यांतल्या अनेकांना बारा ते आठही जमेल. ज्यांना जमत नाही ते पूर्ण संख्येच्या हिशोबात सुमारे साडेअकराशे होतात, आणि त्यांना दुसरी वाट नाही. हे सांगून मी गप्प बसलो, कारण पुढचा निर्णय कार्यकारिणीचा होता.

आठवड्यातले दोन दिवस वाचनालय दुपारी १२ ते रात्री ८ उघडे ठेवायचे ठरले, तीन महिन्यांसाठी. कर्मचाऱ्यांचे तास तेवढेच. शेवटी त्या तरुण सदस्याचीच सूचना, एवढा वळसा घेऊन. त्या दोन दिवसांत संध्याकाळी सहा ते आठची देवघेव दिवसाच्या एकूण देवघेवीच्या जवळपास एक तृतीयांश भरली.

पुन्हा करायचे झाले तर

फोनच्या वेळा चिठ्ठ्यांप्रमाणेच वाटून देईन. टेबलावरच्या माणसाला टेबलाबद्दल विचारायला लावणार नाही. बंद सभासदांची कार्डे पहिल्या दिवशी काढीन, शेवटच्या नव्हे. आणि सहा जणांऐवजी दहा-बारा जणांवर प्रश्न करून पाहीन, कारण त्या बाईंच्या मुलासारखे आणखी काय काय निसटले असेल सांगता येत नाही.

प्रयोगाच्या तीन महिन्यांतही एक भोक राहिले होतेच. संध्याकाळी आलेले आम्ही मोजत होतो, पण त्या दोन दिवशी सकाळी दहाला येऊन बंद दार पाहून परत गेलेले कोण मोजणार? महिनाभराने हे लक्षात आले तेव्हा ग्रंथपालांनी दारावर एक कागद लावला, ‘आपण आता आला असाल तर इथे एक रेघ ओढा’, आणि दोरीने पेन्सिल बांधली. पहिल्या दिवशी अकरा रेघा झाल्या. दुसऱ्या वेळी सत्तावीस, त्यांतल्या निम्म्या एकाच हाताच्या आणि एकाच जोराच्या. तिसऱ्या वेळी दोरी होती, पेन्सिल नव्हती.